लाल पट्टीचे दहा दिवस

कुलपांच्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'लालपट्टी'. दोन्ही नावं तिला ठाऊक होती. दुसरं जास्त आवडायचं, कारण ते कमावलेलं होतं.

पाचशे कुलपांचा लॉट जुळणीतून तपासणीच्या टेबलावर आला की ती त्यातली आठ कुलपं उचलायची. कडी ओढून बघायला यंत्र होतं. चावी फिरवून बघायला मात्र बोटंच लागत. अंगठा आणि पहिलं बोट, एवढ्या चिमटीत चावी फिरली तर कुलूप चांगलं. मनगट लावावं लागलं तर अडलं. आठांत एक अडलं तर आणखी आठ घ्यायची. दुसरं अडलं की सगळ्या खोक्यांवरून लाल पट्टी, आणि पाचशेच्या पाचशे परत जुळणीच्या मिस्त्रींकडे. मिस्त्री हे अठरा वर्षं सोसत आले होते. "बाईंच्या घराला कुलूपच नसणार," ते म्हणत. "पसंत कुठलं पडणार?"

अशा या बाईंनी स्वतःच्या बाबतीत मात्र दोन महिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. एका सकाळी कपड्यावर बटणाएवढा डाग दिसला. तिने तो धुतला आणि उष्णतेचा असेल म्हणून सोडून दिला. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा दिसला, तेव्हा दमणूक झाली असेल. तिसऱ्यांदा दिसला, तेव्हा परवा कपाट सरकवलं होतं, ते आठवलं. एखाद्या कुलपाबद्दल अशी कारणं कुणी तिला सांगितली असती, तर तिने त्याला खोक्यासकट बाहेर काढलं असतं. चौथ्या वेळी कारणं संपली आणि ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"पहिल्यांदा कधी दिसलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाले थोडे दिवस," ती म्हणाली. नवरा बाहेर बाकावर बसला होता आणि दार नीट लागत नव्हतं.

सोनोग्राफी झाली. पाळी गेल्यावर गर्भाशयाचं अस्तर चार मिलिमीटरच्या आत असायला हवं, तिचं अकरा होतं. चार हवं आणि अकरा आहे, याला तिच्या टेबलावर एकच उत्तर होतं. डॉक्टरीणबाईंचं उत्तर जरा लांब होतं. शंभरातल्या नव्वद जणींचं काही निघत नाही, पण कॅन्सर नाही ना याची खात्री करून घेऊ, तुकडा काढून तपासायला पाठवू, दहा दिवसांत रिपोर्ट येईल. तुकडा तिथेच काढला. तिने छताकडे बघत पंख्याची पाती मोजली; तीनच होती, म्हणून परत परत मोजली.

"तोवर काळजी करू नका," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या.

हे वाक्य तिच्या चांगल्याच ओळखीचं होतं. कुलूप बिघडल्याची तक्रार आली की ती स्वतः गिऱ्हाइकाला लिहायची, 'काळजी नसावी, आपली तक्रार तपासणीखाली आहे.' त्याचा अर्थ इतकाच असायचा, की अजून कुणी खोकं उघडलेलं नाही.

परत येताना तिने नवऱ्याला बजावलं, "कुणाला सांगायचं नाही. रिपोर्ट येईपर्यंत अवाक्षर नाही."

"मी कशाला सांगतोय?" तो म्हणाला. तो शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. जुनी गुपितं मुलांना सांगण्यात त्याचा जन्म गेला होता. हे ताजं गुपित त्याने संध्याकाळपर्यंत सांभाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद बॅग घेऊन दारात हजर. नवऱ्याची थोरली बहीण, एकटी राहणारी, कुणाचंही आजारपण म्हटलं की पदरमोड करून धावणारी.

"सहज आले," तिने चपला काढता काढता सांगितलं. "मला काही माहीत नाही हं. पण तू आधी खाली बस."

"वन्सं, मला कामाला जायचंय."

"जा की. मी कुठं अडवतेय? मला काही माहीतच नाही. फक्त जड काही उचलू नकोस, आणि डबा मी भरते."

त्या दिवसापासून घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि कुणालाच काही माहीत नव्हतं. दुसऱ्या गावी असलेली लेक आठवड्यातून एकदा फोन करायची. ती आता दिवसातून दोनदा करू लागली. "आई, दूध नासलं की नाही, हे कसं ओळखायचं गं?" लेक तिशीची होती आणि तिला स्वतःची दोन मुलं होती.

नवरा सभ्य झाला. एकतीस वर्षांत ज्या माणसाने स्वतःचा टॉवेल स्वतः शोधला नव्हता, तो बशीत कप ठेवून चहा आणू लागला. 'तुला चालेल ना?' असं विचारून टीव्ही लावू लागला. टीव्हीवर इस्पितळ दिसलं की घाईघाईने चॅनेल बदलायचा, मग एका रात्री तिने आणि वन्संनी सलग पाऊण तास मासेमारी पाहिली. पेपरातलं आरोग्याचं पान रोज गायब व्हायचं. गादीची चादर बदलताना तिला अशी पाच पानं खाली घडी घालून ठेवलेली सापडली. तिने ती वाचली, होती तशी घडी घातली आणि परत ठेवून दिली.

वन्संचा उपाय निराळा होता. त्या धीराच्या गोष्टी सांगत.

"आमच्या शेजारणीच्या जावेला असंच झालं होतं. म्हणजे तुला काही झालंय असं नाही. पण तिला झालं होतं. इतकी धीराची बाई! हसत हसत गेली ऑपरेशनला."

"मग?"

वन्सं जरा अडखळल्या. "मग काय... तिचं प्रकरण वेगळं होतं. तू भाजी घे."

बाई स्वतः अगदी शांत होती. वेळेवर झोपत होती, ताटातलं संपवत होती. दहा दिवसांनी कळेलच, आधी जिवाला घोर लावून काय होणार, असं तिने आरशापुढे केस विंचरताना स्वतःला सांगितलं, आणि आरशातल्या बाईला ते पटलेलं दिसलं. चेहऱ्यावर आपण काही दिसू देत नाही, याचा तिला थोडा अभिमानही वाटला. चेहऱ्यावर खरंच काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने एक लॉट थांबवला. त्यात विशेष काही नव्हतं. चौथ्या दिवशी दोन थांबवले. पाचव्या दिवशी आलेले तीनच्या तीन. चावी चिमटीत धरावी आणि निम्म्यावर कुलपाने दात खावेत, असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं. ती आठाच्या जागी सोळा घेऊ लागली, सोळाच्या जागी चोवीस. जितकी जास्त घ्यावीत तितकी जास्त अडत. सातव्या दिवशी अकरा लॉट लाल पट्ट्या बांधून ओळीने उभे होते, आणि गोदामाच्या बोळातून माणसाला आडवं होऊन जावं लागत होतं.

मिस्त्रींनी त्यांपैकी चार लॉट सोडवून, पुन्हा जुळवून, तेल घालून पाठवले होते. चारही परत आले. तेव्हा आठव्या दिवशी ते वरच्या साहेबांना घेऊनच टेबलाशी आले.

"बाई, पितळ तेच, साचा तोच, माणसं तीच. या आठवड्यात एकदम काय झालं?"

"ते तुम्ही शोधायचं, मिस्त्री. माझं काम अडतंय एवढं सांगायचं."

"माझ्या हातात एकही अडत नाही."

"तुमचं लेकरू तुम्हाला काळं कधी दिसणार?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसणारी चष्मेवाली तपासनीस मान खाली घालून कड्या ओढत राहिली. मिस्त्रींनी कपाटातून नियमांची वही काढली. वही जाड होती आणि तिच्यातले निम्मे नियम बाईच्याच अक्षरात होते. मिस्त्रींनी पान उघडून साहेबांसमोर धरलं आणि शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने वाचलं.

"एकाच तपासनीसाने लागोपाठ तीन लॉट थांबवल्यास चौथ्या लॉटआधी त्या तपासनीसाची तपासणी व्हावी."

नऊ वर्षांपूर्वी एका तपासनीसाची बोटं सुजली होती आणि त्याने आठवडाभर चांगला माल परत पाठवला होता. त्यानंतर हा नियम तिनेच केला होता, आणि तो चार जणांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून पाळलाही होता. स्वतःच्या बाबतीत तिला तो आठवला नाही. वहीत 'एकाच तपासनीसाने' असं लिहिलं होतं. आपण तपासनीस आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ती स्वतःला तपासणी समजत होती.

"करा," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

चष्मेवालीने आणि साहेबांनी प्रत्येकी दोनदा फिरवून पाहिलेली दहा चांगली कुलपं फडक्याखाली ठेवून तिच्यासमोर आणली. तिने एकेक फिरवलं. चार डावीकडे ठेवली, सहा उजवीकडे. उजवीकडची बाजू अडलेल्यांची होती.

सवयीने तिचा हात लाल पट्टीच्या गुंडाळीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"बाई, परत एकदा फिरवा," साहेब म्हणाले. "हळू."

तिने फिरवलं, आणि या वेळी सगळ्यांना दिसलं. ती चावी फिरवत नव्हती, आवळत होती. नखं पांढरी पडली होती, आणि चावी सरळ न वळता खाली दाबली जात होती. अशी दाबून फिरवली की जगातलं कुठलंही चांगलं कुलूप अडतं. हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. गेली वीस वर्षं ते तीच शिकवत होती.

साहेबांनी ठरीव सुरात विचारलं, "घरी सगळं ठीक?"

"झोप कमी होतेय," तिने ठोकून दिलं.

साहेबांनी मान डोलावली, अकरा लॉट चष्मेवालीकडून फेरतपासायला सांगितले आणि गेले. पुन्हा तपासणीत उतरेपर्यंत बाई टेबलावरून बाजूला, असा नियम होता. तोही तिच्याच अक्षरात.

पट्ट्या काढायला मात्र बांधणाऱ्याचाच हात लागायचा. ती बोळात शिरली. पाठोपाठ मिस्त्री कात्री घेऊन आले. जिंकलेला माणूस जरा रेंगाळतो, तसे ते रेंगाळले.

"अठरा वर्षांत पहिल्यांदा," ते म्हणाले. "तारीख लिहून ठेवतो."

"ठेवा." तिने कात्री घेऊन एक पट्टी कापली. मग दुसरी कापता कापता, आवाज न बदलता म्हणाली, "माझ्या गर्भाशयातला तुकडा काढलाय. कॅन्सर आहे का बघताहेत. परवा कळेल."

मिस्त्री दोन खोक्यांच्या ओळींमध्ये आडवे अडकले होते. त्यांना मागेही जाता येईना. आता 'काळजी करू नका' येणार, म्हणून ती तयारीत उभी राहिली.

"किती जागांवरून घेतला?" मिस्त्रींनी विचारलं.

ती वळून बघत राहिली. नवरा, वन्सं, पेपरातली पाच पानं, कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. तिनेही नाही.

"एकाच जागेवरून बहुतेक."

"अहो, एकाच? आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत? माझ्या पाचशे कुलपांतून आठ उचलता तुम्ही! परवा चोवीस उचललीत!"

"मिस्त्री, मी आडवी झाले होते."

"ते खरंय," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांना एकदम लाज वाटली. त्यांनी कात्री तिच्या हातातून घेतली, उरलेल्या नऊ पट्ट्या स्वतः कापल्या आणि हे नियमाविरुद्ध झालं, असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही.

दहाव्या दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसली. वन्सं सहज आल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "यात कॅन्सर आहे असंही आलेलं नाही आणि नाही असंही आलेलं नाही. नमुना अपुरा आहे. तुकडा इतका लहान निघाला की त्यावरून काही सांगता येत नाही. पुन्हा घ्यावा लागेल."

वन्संनी पदर डोळ्यांना लावला. नवऱ्याची दहा दिवसांची सभ्यता एका क्षणात उतरली. "म्हणजे काय? दहा दिवस आम्ही जीव मुठीत धरून बसलो, ते अपुरा ऐकायला?"

"ओरडू नका," बाई म्हणाली. "बरोबर केलंय त्यांनी. अपुऱ्यावरून चांगलं म्हणून शिक्का मारला असता तर?" मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "या वेळी किती जागांवरून घेणार?"

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच नीट सावरून बसल्या. "भूल देऊन दुर्बिणीतून बघते. जिथे जिथे जाड दिसेल तिथून घेते. पाच-सहा जागा तरी." त्यांनी पेन उचललं. "फॉर्म नव्याने भरायचाय. पहिल्यांदा नक्की कधी दिसलं होतं? 'थोडे दिवस' असं नका सांगू, तारीख सांगा."

तिला तारीख माहीत होती. चारही माहीत होत्या. नवऱ्याकडे न बघता तिने त्या ओळीने सांगितल्या. पहिली डॉक्टरीणबाईंकडे येण्याच्या दोन महिने आधीची होती.

नवरा खोलीत काही बोलला नाही, जिन्यात बोलला नाही. बसच्या थांब्यावर, वीस माणसांच्या रांगेत बोलला.

"दोन महिने! माझा चष्मा कपाळावर आहे हे मला तू दिवसातून चारदा सांगतेस. आणि हे सांगायला दोन महिने?"

"हळू बोला."

"का हळू? एका कुलपावर ओरखडा दिसला तर पाचशे परत पाठवणारी तू!"

"कुलपाची भीती वाटत नाही मला," ती म्हणाली. आता तिचाही आवाज चढला होता. "तुम्हाला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं. धुऊन टाकलं की डाग नव्हता. कळलं? मी घाबरले होते. आत्ताही घाबरलेय. त्या दोन महिन्यांत ते वाढलं असेल तर, म्हणून रोज घाबरतेय."

नवऱ्याने तिचा दंड धरला. जरा जास्तच घट्ट. रांग पुढे सरकली, बस भरली आणि निघून गेली.

"झालं?" वन्सं पिशवीवर बसत म्हणाल्या. "पुढची वीस मिनिटांनी आहे. भांडा आता निवांत."

दुसरा तुकडा चार दिवसांनी काढला आणि पुन्हा वाट बघणं सुरू झालं. या वेळी घरात कुणी सभ्य नव्हतं. आरोग्याचं पान चहाच्या कपाखाली उघडं पडलेलं असायचं. "सकाळपासून पोटात गोळा आलाय," ती जेवताना म्हणायची. "मलाही," नवरा म्हणायचा, "मीठ सरकव." लेकीने दूध नासण्याबद्दल विचारणं सोडलं आणि फोनवर सरळ रडली, मग हिने तिला समजावलं, त्यात अर्धा तास बरा गेला. भीती कमी झाली नाही. फक्त ती लपवायचं काम कमी झालं.

कारखान्यात ती खोकी भरायच्या बाकावर बसत होती. मिस्त्री रोज दुपारी एक कुलूप तिच्यासमोर आणून ठेवायचे. ती फिरवून बघायची. पहिले तीन दिवस अडलं. चौथ्या दिवशी निम्मं फिरलं.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. सहा जागांवरून घेतलेलं सगळं तपासलं होतं. अस्तर वाढलेलं होतं. पण पेशी सरळ होत्या, कॅन्सर नव्हता. सहा महिने गोळ्या, मग पुन्हा एक तपासणी. डॉक्टरीणबाईंनी 'नाही' हा शब्द दोनदा उच्चारला, तिने तो तिसऱ्यांदा वदवून घेतला, आणि सहा महिन्यांनंतरची तारीख आत्ताच लिहून मागितली.

नवरा औषधाच्या दुकानात गेला. ती वन्संबरोबर जिना उतरू लागली आणि मधल्याच पायरीवर खाली बसली. आधी खांदे हलले, मग हुंदका आला, मग ती इतकी मोठ्याने रडू लागली की वरून दोन नर्स आणि खालून पहारेकरी धावत आले. तीन आठवडे डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई भर दुपारी जिना अडवून रडत होती, आणि उतरणारी माणसं तिच्या बाजूने आडवी होऊन जात होती.

वन्सं घाबरल्या, मग चिडल्या. "अगं, काही नाही म्हणाल्या ना त्या? मी ऐकलं, माझ्यासमोर म्हणाल्या! आता कशाला रडतेस?"

बाईने नाक पुसलं. "आत्ता वेळ मिळाला, वन्सं."